छोट्या शिडाच्या बोटीवर शोअर पावर बसवायचीये? इनलेटपासून अर्थिंगपर्यंत सगळं

शोअर पावर म्हणजे धक्क्यावरच्या पेडेस्टलमधून (विजेचे सॉकेट असलेल्या खांबातून) केबल टाकून बोटीत घेतलेली एसी लाईन, बास. पंचवीस-तीस फुटी बोटीवर सामानही फार लागत नाही, एक इनलेट, एक मेन ब्रेकर, दोन-तीन सॉकेट, एक बॅटरी चार्जर, झालंच तर पाण्याचा हीटर. घरातली वायरिंग थोडीफार येणाऱ्या माणसाला वाटतं दोन दिवसांचं काम आहे. हाताचं काम तेवढंच असतं हे खरं, पण गोची अशी की बोटीत दिवा लागला, चार्जरचा पंखा फिरला की लोक काम झालं म्हणून मोकळे होतात. अर्थिंगची वायर कुठेच जोडलेली नसली तरी दिवा लागतो, फेज-न्यूट्रल उलटे असले तरी लागतो, आरसीडी (करंट कुठे गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच) बसवलेलाच नसला तरी लागतो. "चालतंय की" ह्याला ह्या कामात शून्य किंमत आहे. म्हणून खाली बरंचसं लिखाण अशा गोष्टींवर आहे ज्या सगळं सुरळीत असताना काहीच करताना दिसत नाहीत.

एक आधीच सांगून ठेवतो. बऱ्याच देशांत असं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननेच करायचं असा नियम असतो, मरिनाचे (बोटी बांधून ठेवायच्या बंदराचे) आणि विमा कंपनीचे नियम वेगळेच, ते आधी विचारून घ्या. आणि सगळं स्वतः केलंत तरी शेवटची तपासणी बोटींचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. घरांचं काम करणारा हुशार असला तरी बोटीवर तो एक-दोन गोष्टी हमखास घरासारख्या करून जातो, त्या कुठल्या ते पुढे येईलच.

आधी हिशोब

धक्क्यावर सॉकेट कुठला आहे ते जाऊन बघा. युरोपात आणि जिथे २३० व्होल्ट आहे तिथल्या मरिनांमध्ये बहुतेक ठिकाणी निळा गोल तीन पिनांचा १६ अँपचा सॉकेट असतो, आयईसी ६०३०९ नावाचं स्टँडर्ड आहे त्याचं. अमेरिकेच्या बाजूला १२० व्होल्ट ३० अँपचा, घालून पिळायचा ट्विस्ट-लॉक सॉकेट असतो. गंमत म्हणजे दोन्हीकडे पॉवर जवळजवळ सारखीच मिळते, २३० गुणिले १६ म्हणजे ३६८० वॅट आणि १२० गुणिले ३० म्हणजे ३६०० वॅट. पण पूर्ण क्षमतेवर तासन्‌तास चालवायचं नसतं, ८० टक्क्यांच्या आत राहायचं, म्हणजे धरा २९०० वॅट.

आता तुमचा लोड मांडा. १२ व्होल्टवर ३० अँप देणारा चार्जर भिंतीतून साधारण ५०० वॅट ओढतो, छोटा वॉटर हीटर ७५० ते १२००, रूम हीटर १५००, किटली २०००. फ्रिज शक्यतो बॅटरीवरच चालतो, त्यामुळे तो चार्जरच्या खात्यात आला. किटली आणि रूम हीटर एकत्र लावले की ३५०० वॅट होतात, २९०० च्या बरेच वर, हे हिशोबातच दिसतं, तेव्हा ते एकत्र लावायचे नाहीत, त्यासाठी मोठी लाईन घ्यायची गरज नाही.

आणि खरं सांगायचं तर तुम्ही फक्त शनिवार-रविवार बोटीवर जात असाल, फ्रिज नसेल आणि दिवे सगळे एलईडी असतील तर १०० वॅटचं सोलर पॅनल लावा आणि हा लेख इथेच सोडा. शोअर पावरने बोटीत सोय येते तशी गंजायची एक नवी वाटही येते, ते गॅल्व्हॅनिकचं प्रकरण पुढे आहे.

सामान घेताना

वायर बोटीचीच घ्यायची, टिन केलेल्या तांब्याची, खूप बारीक तारांची. घरातली कडक वायर, ज्यात एक किंवा मोजक्या जाड तारा असतात, ती बोटीवर चालत नाही कारण बोट सतत हलते, इंजिन थरथरतं आणि तार लगच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्याच्या) तोंडाशी वाकून वाकून तुटते, वरून इन्शुलेशन शाबूत दिसतं आणि आत तार तुटलेली. शिवाय बिनटिनचं तांबं खाऱ्या हवेत आतपर्यंत काळंहिरवं पडत जातं. तीन कोरची, बाहेरून जाड आवरणाची केबल घ्या, १६ अँपला २.५ चौरस मिमी आणि ३० अँपला १० गेज म्हणजे साधारण ५ चौरस मिमीच्या थोडी वर (मेट्रिकमध्ये सरळ ६ ची घ्यायची). केबल इंजिनाच्या खणातून जाणार असेल तर गरमीमुळे तिची क्षमता कमी होते, मग एक साईज वरची घ्या.

धक्का ते बोट ही जी बाहेरची केबल असते ती रेडिमेड, दोन्ही टोकांना साच्यात ओतलेले प्लग असलेली घ्या. बाजारातली एक्स्टेन्शन कॉर्ड आणून तिला टोक बदलून लावणं हा प्रकार मला अजिबात मान्य नाही, उन्हात तिचं आवरण चिरतं आणि पहिल्या पावसात पाणी आत.

बाकी: झाकणवालं इनलेट, डबल पोल मेन ब्रेकर, ३० मिलीअँपचा आरसीडी (अमेरिकेकडे ह्यालाच ईएलसीआय म्हणतात, ब्रेकर आणि आरसीडी एकाच डब्यात असलेलंही मिळतं आणि छोट्या बोटीला तेच सुटसुटीत), गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (तो काय करतो ते पुढे), मरीन चार्जर, गोंदवाली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), रिंग लग आणि चांगलं रॅचेटवालं क्रिम्पिंग टूल. टूलवर पैसे वाचवू नका. पक्कडीने दाबलेला लग हाताने ओढला की निघून येतो आणि निघाला नाही तर पुढच्या सीझनला गरम होतो.

इनलेटची जागा आणि भोक

जागा ठरवायला वेळ घ्या कारण फायबरमध्ये पाडलेलं भोक परत बुजवणं हे किचकट काम आहे. कॉकपिटच्या कोमिंगची (भोवतीच्या उंच काठाची) बाहेरची किंवा मागची बाजू बहुतेक बोटींवर बरी पडते. बघायचं काय, तर बोट कलली तरी तिथे पाणी येता कामा नये, शिडाच्या दोऱ्या त्यात अडकता कामा नयेत, चढता-उतरता कोणाचा पाय पडायला नको, आणि पाठीमागच्या लॉकरमध्ये हात जाईल एवढी जागा पाहिजे. त्या लॉकरमध्ये आउटबोर्डची पेट्रोलची टाकी किंवा गॅसचा सिलिंडर ठेवत असाल तर ती जागा बादच. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी दोन्ही हवेपेक्षा जड, खाली साचून राहतात, आणि ब्रेकर पडताना आत बारीक ठिणगी उडतेच. चार्जर आणि ब्रेकर पॅनललाही हाच नियम.

जागा पक्की झाली की आधी मधोमध बारीक ड्रिलने एक भोक पाडून मागे नेमकं कुठे निघतंय ते बघा, मगच होल सॉ लावा. डेक किंवा कोमिंग सँडविचची असेल, म्हणजे दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्सा किंवा प्लायवूड, तर इथे घाई नको. भोकाच्या कडेने आतलं लाकूड वाकवलेल्या खिळ्याने किंवा ॲलन कीने साधारण एक सेंटिमीटर आतपर्यंत खरवडून काढायचं, व्हॅक्यूमने भुसा ओढायचा, आणि त्या खाचेत घट्ट केलेला इपॉक्सी भरून घासून घ्यायचा. स्क्रूच्या भोकांनाही तेच, आधी मोठं पाडून इपॉक्सी भरायचा आणि सुकल्यावर त्यात बारीक भोक. हे केलं नाही तर इनलेटखालून थेंब थेंब पाणी झिरपून लाकूड कुजतं, आणि ते कळतं तेव्हा हातभर डेक मऊ झालेला असतो. सीलंट म्हणून ब्यूटिल टेप किंवा पॉलिसल्फाईड वापरा. ५२०० नावाच्या सीलंटसारखा कायमचा चिकटणारा नको, इनलेट कधीतरी बदलावं लागतंच.

इनलेटच्या मागे केबल जोडताना ती तारेच्या जोडावर लटकत नाही ना, रबरी टोपणाने किंवा क्लॅम्पने धरलेली आहे ना ते बघा. आणि जोडाच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे बाहेरून पाणी आलंच तर ते झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल, ब्रेकरपर्यंत चालत जाणार नाही.

मेन ब्रेकर

अमेरिकेची एबीवायसी ही संस्था बोटींसाठी जे स्टँडर्ड काढते त्यातल्या ई-११ मध्ये असं आहे की मेन ब्रेकर इनलेटपासून वायरच्या लांबीने १० फुटांच्या आत हवा. सरळ रेषेत नाही हं, वायर जशी वळत जाते तशी मोजायची. नॅव्हिगेशन टेबलपाशी पॅनल आणि इनलेट बोटीच्या मागच्या टोकाला असं असेल तर १० फूट कधीच संपतात. मग इनलेटच्या जवळ लॉकरमध्येच एक वॉटरप्रूफ डब्यात ब्रेकर-कम-आरसीडी बसवायचा आणि तिथून पुढे पॅनलला केबल न्यायची. मी तर पॅनल जवळ असला तरी असंच करा म्हणेन, कारण इनलेट ते ब्रेकर ह्या तुकड्याला बोटीवर कसलंच संरक्षण नसतं, तो जितका छोटा तितकं बरं.

ब्रेकर डबल पोल पाहिजे, म्हणजे पडला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. घरात एक पोलचा एमसीबी चालतो, कारण न्यूट्रल कुठली आहे ह्याची खात्री असते. धक्क्यावर ती खात्री नसते, कोणीतरी कधीतरी पेडेस्टलची दुरुस्ती करताना तारा उलट्या लावलेल्या असू शकतात, काही देशांत तर प्लग दोन्ही बाजूंनी घुसतो. अशा वेळी एक पोलचा ब्रेकर पाडून तुम्ही हीटर उघडलात तर आत फेज जिवंतच. म्हणून पॅनलमध्ये उलटी पोलॅरिटी दाखवणारा लाल दिवा पण बसवून घ्या, तो पेटला की लगेच केबल काढायची आणि मरिनाला कळवायचं, बोटीतल्या वायर अदलाबदल करून "ॲडजस्ट" करायचं नाही, पुढच्या बंदरात परत उलटं होईल.

वायरच्या रंगांचं एक लफडं आहे. २३० व्होल्टच्या देशांत आता तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. अमेरिकन पद्धतीत काळी फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आणि असंख्य बोटींवर डीसीची निगेटिव्ह काळी असते! म्हणजे एकाच बोटीत एक काळी वायर निरुपद्रवी आणि दुसरी काळी वायर जीव घेणारी. म्हणूनच डीसी निगेटिव्हला पिवळी वायर वापरायची पद्धत आली. तुमच्या बोटीवर अजून काळीच असेल तर निदान एसी आणि डीसी कधीच एका झाकणामागे ठेवू नका. दोन्हींचा एकच पॅनल असेल तर एसीच्या मागच्या बाजूला स्क्रूने बसणारं वेगळं कव्हर पाहिजे, जे उघडायला हत्यार लागेल. रात्री डीसीचा फ्यूज शोधताना हात चुकून एसीवर जायला नको.

केबल टाकताना दर ४५ सेंटिमीटरला क्लिप मारा, बल्कहेडमधून (बोटीतल्या आडव्या भिंतीतून) जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि बिल्जपासून (पाणी साचतं त्या तळापासून) शक्य तितकी वर. एसी आणि डीसीचे गठ्ठे वेगळे. जोड शक्यतो मध्ये कुठे करूच नका, करावाच लागला तर डब्यात आणि लग लावून टर्मिनलवर. पिळून वर प्लास्टिकची टोपी चढवतात तसला जोड बोटीवर बाद. नुसता सोल्डर मारलेला जोडही बाद, सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडक होऊन तुटते.

अर्थिंग

इथे चहा घेऊन बसा, कारण सगळा खेळ इथे आहे.

घराचं काम करणारा इलेक्ट्रिशियन बोटीवर येऊन हमखास करतो ती गोष्ट म्हणजे पॅनलमध्ये न्यूट्रल बार आणि अर्थ बार जोडणं. काही देशांत घराच्या मेन बोर्डात तसं करायचंच असतं, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. बोटीवर शोअर पावरसाठी न्यूट्रल आणि अर्थ कधीच, कुठेच जोडायचे नाहीत. तो जोड जिथे वीज तयार होते किंवा येते तिथे असतो, म्हणजे किनाऱ्यावर. बोटीवर तो दुसऱ्यांदा केलात तर न्यूट्रलमधून परत जाणारा करंट दोन वाटांनी विभागतो, काही न्यूट्रलमधून आणि काही अर्थमधून, आणि अर्थ तुमच्या इंजिनाला, शाफ्टला, प्रोपेलरला जोडलेली असल्याने त्यातला काही भाग पाण्यातून किनाऱ्याकडे जायला बघतो. आरसीडी असेल तर तो सारखा पडेल आणि लोक वैतागून तो बायपास करतील. आरसीडी नसेल तर काहीच कळणार नाही, दिवा छान लागेल. (बोटीवर जनरेटर किंवा इन्व्हर्टर असेल तर तो चालू असताना तो स्वतःच उगम असतो, त्याचा जोड त्याच्या आत होतो आणि शोअर पावर आली की सुटतो. त्यासाठी दोन्हींमध्ये एकावेळी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच लागतो, दोन्ही एकत्र येण्याची शक्यताच नाही असा.)

आता उलटी बाजू. बोटीवरची एसीची अर्थ डीसी निगेटिव्हला, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवरच्या किंवा निगेटिव्ह बसबारवरच्या एका ठिकाणी जोडायची असते. ह्यावर धक्क्यावर बसून लोक तासन्‌तास भांडतात. कोणीतरी छातीठोकपणे सांगतो की ती वायर काढून टाक, तुझे झिंक (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजावेत म्हणून पाण्याखाली लावलेले जस्ताचे तुकडे) दुप्पट टिकतील. झिंक टिकतील, खरं आहे. पण समजा चार्जरच्या आत बिघाड होऊन फेज डीसीच्या बाजूला टेकला, किंवा एसीची केबल घासून इंजिनाला लागली. जोड असेल तर तो करंट अर्थमधून धाडकन किनाऱ्याला जातो आणि ब्रेकर पडतो, गोष्ट संपली. जोड नसेल तर इंजिन, शाफ्ट, प्रोपेलर सगळं फेजवर चढून बसतं, करंटला परत जायला पाणी सोडून दुसरी वाट नसते, आणि पाण्यातून जाणारा तो करंट ब्रेकर पाडण्याइतका मोठा नसतो. बोट तशीच उभी राहते, आत सगळं चालू.

खाऱ्या पाण्यात त्यातल्या त्यात बरं, कारण ते माणसाच्या शरीरापेक्षा चांगलं वाहक आहे, करंट माणसाला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात, नदी-तलावाच्या धक्क्यावर, उलटं होतं, माणूस हीच सोपी वाट ठरतो. १० मिलीअँपच्या आसपास करंट गेला तरी स्नायू ऐकेनासे होतात आणि चांगला पोहणारा माणूस आवाज न करता बुडतो. वरून बघणाऱ्याला फक्त बुडालेला माणूस दिसतो. म्हणून वीज असलेल्या धक्क्यापाशी कोणीही पोहायचं नाही, पोरांनी तर नाहीच. कोणी तडफडताना दिसलं तर आधी पेडेस्टलचा स्विच पाडायचा, आणि मग त्याच्याकडे दोर किंवा रिंग फेकायची, स्वतः उडी मारायची नाही. अगदी ह्याच कारणासाठी तो ३० मिलीअँपचा आरसीडी लागतो, तो सेकंदाच्या दहाव्या भागात लाईन तोडतो.

तर अर्थची वायर कशी जाते ते एकदा सलग सांगतो. इनलेटच्या अर्थ पिनेपासून गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, तिथून एसी पॅनलमधला अर्थ बार, त्या बारवरून प्रत्येक सॉकेटला, हीटरला, चार्जरला, आणि त्याच बारवरून एक जाड हिरवी वायर डीसी निगेटिव्हच्या बसबारला. कुठेही स्विच नाही, फ्यूज नाही.

झिंक का संपतात आणि आयसोलेटर काय करतो

तुमची बोट आणि शेजाऱ्याची बोट दोन्ही शोअर पावरवर असल्या की हिरव्या वायरीने त्या एकमेकींना धातूने जोडल्या जातात आणि पाण्याने तर जोडलेल्या असतातच. झाली बॅटरी तयार. शेजाऱ्याचा मोठा काशाचा प्रोपेलर आणि तुमचे छोटे झिंक किंवा ॲल्युमिनियमचा सेलड्राईव्ह (प्रोपेलर धरणारा, इंजिनाचा पाण्यातला पाय), तर तुमचं सामान त्याच्यासाठी झिजत बसतं. हा व्होल्टेज एकदम कमी असतो, अर्धा-पाऊण व्होल्ट, पण चोवीस तास चालू. झिंक अर्धवट चघळलेल्या बिस्किटासारखा होऊन बाहेर येतो आणि माणूस झिंकच्या कंपनीला शिव्या घालतो.

गॅल्व्हॅनिक आयसोलेटरमध्ये दोन्ही दिशांना दोन-दोन डायोड सिरीजमध्ये असतात. साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा डीसी ते अडवतात, आणि खरा फॉल्ट आला की लगेच उघडून सगळा करंट जाऊ देतात. म्हणजे हिरवी वायर सुरक्षेसाठी जोडलेलीच राहते आणि गंजण्यासाठी तुटलेली. घेताना दोन गोष्टी बघा, त्याचं रेटिंग तुमच्या लाईनइतकं किंवा जास्त पाहिजे, आणि तो "फेल-सेफ" असा लिहिलेला पाहिजे, म्हणजे जळाला तर शॉर्ट होऊन जळेल, ओपन होऊन नाही. स्वस्तातला ओपन होऊन गेला तर तुमची अर्थ गायब आणि दिवा लागलेलाच.

तो बसवूनही फुकट जातो कधी, तर अर्थला दुसरी वाट मिळाली की. कॉकपिटच्या खिडकीतून धक्क्यावरून दुसरी एक्स्टेन्शन आत घेतली आणि तिच्यावरचं अर्थवालं यंत्र इंजिनाला किंवा डीसी निगेटिव्हला टेकलं, झालं, आयसोलेटर बायपास. किनाऱ्यावरून आलेली टीव्हीची केबल पण हेच करते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बोटीवर तर इनलेटची धातूची बॉडीच बोटीच्या हलला (कवचाला) टेकून हे होतं, तिथे प्लास्टिक इनलेट घ्या.

ह्याहून पक्का उपाय म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, किनाऱ्याशी धातूचा संबंधच तुटतो. पण त्याचं वजन वीस-पंचवीस किलोच्या घरात, शिवाय महाग आणि गरम होतो. छोट्या फायबरच्या बोटीला आयसोलेटर पुरतो असं माझं मत आहे. धातूच्या हलची बोट असेल तर मात्र ट्रान्सफॉर्मरचाच विचार करा.

सॉकेट आणि चार्जर

सॉकेट ओट्यापाशी आणि टेबलापाशी, दोन पुरतात. कॉकपिटमध्ये नकोच. चार्जर मरीनचाच, गाडीचा नको, कारण गाडीच्या चार्जरमध्ये एसी आणि डीसी बाजू पक्क्या वेगळ्या असतीलच असं नाही. साईज बॅटरीच्या १० ते २० टक्के, म्हणजे २०० अँप-अवर बँक असेल तर २० ते ४० अँप. बॅटरी लेड-ॲसिड आहे, एजीएम आहे की लिथियम, त्याप्रमाणे सेटिंग बदलायचं विसरू नका. चार्जर बॅटरीच्या बरोबर वर बसवायचा नाही, बॅटरीच्या वाफेने तो गंजतो. आणि चार्जर ते बॅटरी ह्या पॉझिटिव्ह वायरला बॅटरीच्या टोकाला, ७ इंचांच्या आत, फ्यूज. चार्जरच्या टोकाला लावून उपयोग नाही, खरी ताकद बॅटरीत असते.

पहिल्यांदा चालू करण्याआधी

केबल अजून धक्क्याला लावायची नाही. मल्टीमीटर घ्या.

आधी अर्थ. इनलेटच्या अर्थ पिनेपासून प्रत्येक सॉकेटच्या अर्थपर्यंत आणि इंजिन ब्लॉकपर्यंत रेझिस्टन्स एका ओहमच्या आत यायला पाहिजे. इथे बरेच लोक गडबडतात, कारण मध्ये आयसोलेटर आहे आणि मीटरचा बारीक व्होल्टेज त्याचे डायोड उघडू शकत नाही, मग मीटर ओपन दाखवतं आणि माणूस सगळी वायरिंग परत उचकटतो. आयसोलेटरच्या दोन टोकांना तात्पुरता वायरचा तुकडा लावून मोजा आणि मग तो तुकडा आठवणीने काढा. आयसोलेटर वेगळा सोडवून डायोड मोडवर मोजायचा, दोन्ही दिशांनी साधारण एक व्होल्टच्या आसपास, सारखाच आकडा यावा. कपॅसिटर असलेल्या मॉडेलमध्ये आकडा हळूहळू चढतो, थांबा जरा.

मग बोटीवरचे सगळे ब्रेकर चालू करून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा, तिथे काहीही जोड दिसता कामा नये. दिसला तर एकेक सर्किट पाडत जा. बऱ्याचदा चोर निघतो वॉटर हीटरचा जुना एलिमेंट, त्याचं आवरण फुटून आत पाणी शिरलेलं असतं. फेज आणि अर्थमध्येही तेच बघा. मेगर (इन्शुलेशन तपासायचं मीटर) मिळाला तर चार्जर आणि पोलॅरिटीचा दिवा सोडवून ५०० व्होल्टवर फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी मोजा, एक मेगाओहमच्या वर पाहिजे.

सगळं बरोबर आलं की मेन पाडून ठेवा, केबल लावा, पेडेस्टल चालू करा आणि मेनच्या वरच्या टोकांवर व्होल्टेज बघा. इथे लाईन जिवंत आहे, हात कोरडे, अंगठ्या-घड्याळ काढलेलं, आणि सवय नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनलाच करू द्या. फेज-न्यूट्रल पूर्ण व्होल्टेज, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ एखाद-दोन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शून्य किंवा अधांतरी काहीतरी येत असेल तर किनाऱ्याची अर्थच तुटलेली आहे, त्या पेडेस्टलला बोट लावायची नाही. आता मेन उचला, आरसीडीचं टेस्ट बटण दाबा, पडला पाहिजे. न पडणारा आरसीडी म्हणजे नुसता प्लास्टिकचा डबा.

मग हीटर लावून अर्धा तास चालू द्या, बंद करा आणि केबलच्या दोन्ही टोकांचे प्लग हाताने बघा. कोमट ठीक आहे, हात काढून घ्यावासा वाटला तर आत जोड ढिला आहे. लीकेज मोजणारा मिलीअँपचा क्लॅम्प मीटर कोणाकडून मिळाला तर सगळी केबल एकत्र त्याच्या चिमट्यात धरा. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना रद्द करतात म्हणून आकडा शून्याच्या जवळ पाहिजे, जो येईल तेवढा करंट तुमच्या बोटीतून पाण्यातून निसटतोय.

रोजचं वापरणं

लावताना आधी बोटीचा मेन बंद, मग केबल आधी बोटीला आणि मग धक्क्याला. काढताना आधी धक्क्यावरून. उलटं केलंत तर हातात जिवंत प्लग आणि खाली पाणी. केबलला भरती-ओहोटीपुरता ढिलेपणा ठेवा पण पाण्यात लोंबू देऊ नका. जास्तीची केबल घट्ट वेटोळी करून ठेवली आणि वर हीटर चालवला तर वेटोळ्याच्या मधली गरमी बाहेर जात नाही, आवरण मऊ पडतं, तेव्हा ती सैल नागमोडी पसरून ठेवा.

दर महिन्याला आरसीडीचं बटण. आणि सीझनला दोनदा तरी प्लगच्या पिना नीट उजेडात बघा. चांगली पिन पितळेसारखी चकचकीत असते. बिघडायला लागली की आधी निस्तेज होते, मग पिनेच्या मुळाशी प्लास्टिकवर एक तपकिरी कड दिसायला लागते, नखाने खरवडली तर निघत नाही. ट्विस्ट-लॉकमध्ये हे फार होतं, कारण पूर्ण पिळला नाही तर पात्या अर्ध्याच टेकतात आणि सगळा करंट त्या अर्ध्यातून जातो. तपकिरी कड दिसली की पॉलिश पेपर मारून चालवू नका, केबलचं टोक आणि इनलेट दोन्ही एकदम बदला, एकच नवीन घातलं तर जुनं त्याला पण जाळतं.